जुनं मशीन घेताना

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर एक फोन आला. "भाऊ, तुमच्या गोव्यात होडीची जुनी मशिनं मिळतात म्हणे. आमच्या भाच्यासाठी एक बघून द्या ना."

फोन करणारे होते गुरुजी. त्यांची नि माझी ओळख २०१२ च्या फेब्रुवारीतली, चंद्रपूरच्या साहित्य संमेलनातली. ८५ वं संमेलन, वसंत आबाजी डहाके अध्यक्ष. मी सरकारी कचेरीतला कारकून, रजा टाकून एवढ्या लांब गेलेला. जेवणाच्या रांगेत माझ्या पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांनी मी गोव्याचा आहे हे कळताच पहिला प्रश्न विचारला तो बोरकरांबद्दल नव्हे, मासळीबद्दल. तेच गुरुजी. गडचिरोली जिल्ह्यात शाळेवर होते, पण आजोळ पलीकडचं, बेज्जूरचं. संमेलन संपल्यावर आग्रहाने मला तिकडे घेऊन गेले.

बेज्जूर म्हणजे कुठे, असा प्रश्न पडला असेल तर त्यात तुमचा दोष नाही. मलाही नकाशा काढावा लागला होता. हे गाव तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यात होतं, २०१६ साली तेलंगणाने नवे जिल्हे केले तेव्हा कुमुरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेलं. सगळा जुन्या हैदराबाद राज्याचा मुलूख. त्याच आदिलाबाद जिल्ह्यातला राजुरा १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मराठी बाजूला आला, बेज्जूर तेलुगू बाजूला राहिलं. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन जी प्राणहिता होते ती या भागाच्या पूर्वेने वाहते आणि पुढे सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते. अलीकडे तेलंगण, पलीकडे गडचिरोली. पण सोयरीक, बाजार, देवदर्शन दोन्ही काठांवर. माणसं दोन्ही भाषा बोलतात, शिवाय गोंडी. आम्हा गोवेकरांना यात नवल वाटायचं कारण नाही. आम्ही घरात एक बोलतो, लिहितो दुसरीत आणि कचेरीत टिपण तिसरीत काढतो!

गुरुजींचा भाचा त्या नदीवर होडी चालवतो. वल्ह्यांवर आणि बांबूवर. त्याला आता मशीन लावायचं होतं. पैसे त्याने थोडे थोडे करून जमवलेले. नवं मशीन परवडणारं नव्हतं.

मी "बघतो" म्हटलं आणि फोन ठेवला. आणि मग बराच वेळ गॅलरीत बसून राहिलो. कारण जुनं मशीन घेण्याच्या बाबतीत माझ्याइतका अपात्र माणूस शोधून सापडणार नाही. ते सांगण्यासाठीच हा लेख.

आमचं घर बेतीला, मांडवीच्या काठी. पलीकडे पणजी. मी रोज फेरीबोटीने नदी ओलांडून कचेरीत जातो. ५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला तेव्हा मी प्राथमिक शाळेत होतो. पूल नसलेली नदी म्हणजे काय हे आमच्या पिढीने त्यानंतरची काही वर्षं पाहिलं. फेरीच्या धक्क्यावरच्या रांगा, आजारी माणसाला पुढे जाऊ द्या म्हणून केलेली विनवणी, पावसातली गर्दी. त्यामुळे प्राणहितेच्या काठावरून कोणी होडीची गोष्ट काढली की ती मला परकी वाटत नाही.

वडील पागी. त्यांची लहान होडी होती. मी बी.ए. झालो, मराठी घेऊन, आणि नोकरीला लागलो. होडी धाकट्या भावाकडे गेली. वडिलांच्या तरुणपणी, १९७० च्या दशकात, गोव्यात रांपणकारांचं मोठं आंदोलन झालं. ट्रॉलरवाले किनाऱ्यालगतची मासळी खरवडून नेतात म्हणून. त्यातूनच पुढे १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा आला. मशीन म्हणजे ट्रॉलर आणि ट्रॉलर म्हणजे शत्रू, असा तो काळ. पण पुढच्या काही वर्षांतच लहान होड्यांच्या पाठीमागेही मशिनं लटकू लागली. आठ, नऊ पॉइंट नऊ हॉर्सपॉवरची, यामाहा, सुझुकी. आज वल्हं मारत समुद्रात जाणारा विरळाच. वडील मात्र शेवटपर्यंत मशिनाला "तें" म्हणायचे. नाव घ्यायचे नाहीत.

२००९ साली भावाचं मशीन बसलं. नव्याला पैसे नाहीत. मी भविष्य निर्वाह निधीतून उचल घेतली आणि थोरला भाऊ या नात्याने "आपण रीतसर घेऊ" असं जाहीर केलं. दक्षिणेकडे एका माणसाकडे मशीन होतं. आम्ही गेलो. मशीन चकचकीत, नवा निळा रंग. मी काय तपासलं? कागद! मूळ बिल पाहिलं. बिलावरचा नंबर आणि मशिनाच्या कंसावरच्या पट्टीवरचा नंबर ताडून पाहिला, एक एक आकडा. स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करून घेतलं. दोन साक्षीदार. माझ्या फायलीतसुद्धा इतकी स्वच्छ कागदपत्रं कधी नव्हती. त्याने पाण्याच्या पिंपात मशीन बुडवून पहिल्याच ओढीला चालू करून दाखवलं, चारेक मिनिटं चालवलं. भाऊ म्हणाला, "दादा, मामाक दाखोवया?" मी म्हटलं, कशाला, कागद चोख आहेत.

तिसऱ्या आठवड्यात, ऑक्टोबरातल्या एका संध्याकाळी, आग्वादच्या बाहेर मशिनाचा खालचा गिअर जाम झाला. ओहोटी आणि जमिनीवरचा वारा. भाऊ आणि बरोबरचा मुलगा वल्ही मारत राहिले, होडी बाहेरच जात राहिली. रात्री दहाच्या सुमारास दुसऱ्या होडीवाल्यांनी त्यांचा विजेरीचा उजेड पाहिला. आई तोवर धक्क्यावर बसून होती. मी तिच्या शेजारी. ती एक अक्षर बोलली नाही. भाऊ उतरला, ओला, हात सोललेले, आणि मला एवढंच म्हणाला, "कागद बरे आशिल्ले, दादा." त्यात टोमणा नव्हता. मला समजावण्यासाठी म्हणाला. तेच अजून बोचतं.

तेव्हा गुरुजींचा फोन आल्यावर मी या वेळी पहिल्यांदा मामाकडे गेलो. मामा बेतूलचा. साळ नदीच्या मुखाशी त्याची झोपडीवजा शेड, चाळीस वर्षं मशिनं उघडतोय. वय झालं, ऐकू कमी येतं, पण मशिनाला हात लावला की कळतं म्हणतो. शनिवार-रविवार असे तीन आठवडे मी त्याच्याबरोबर हिंडलो. त्याने जे सांगितलं ते इथे लिहून ठेवतो. मला आधी कळलं असतं तर बरं झालं असतं.

पहिली गोष्ट. "आदीं हात लाय. हून आसल्यार परत वच." म्हणजे मशिनाला आधी हात लावा. गरम लागलं तर परत फिरा. विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधी चालवून ठेवलेलं असतं. गरम मशीन कोणतंही चालू होतं. खरी परीक्षा थंड मशिनाची. आम्ही २००९ साली हात लावलाच नव्हता.

दुसरी गोष्ट, टोपी काढा. म्हणजे वरचं झाकण. आत मिठाची पांढरी खपली, गंजलेले स्क्रू, वायरींना गुंडाळलेली चिकटपट्टी दिसेल. थोडा गंज असणारच, मशीन समुद्रात होतं. पण सिलिंडरच्या डोक्याजवळ रंग करपून फुगलेला असेल तर मशीन कधीतरी तापलं आहे. आणि बाहेर सगळीकडे नवा रंग असेल तर त्याच्याखाली काय झाकलं आहे ते विचारा. बोल्टांच्या कडा पान्याने झिजलेल्या असतील तर मशीन पुन्हा पुन्हा उघडलं गेलंय.

तिसरी, दाब. दोरी हळू ओढली की हाताला दोनदा अडल्यासारखं लागलं पाहिजे, दोन सिलिंडरांचं. सहज फरफरत आली तर रिंगा गेल्या. पण हाताच्या अंदाजावर विसंबू नका, दाब मोजायचं मीटर मेकॅनिककडे असतं. दोन्ही प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा, आणि एकेका भोकात मीटर लावून दोरी जोरात ओढायची. आकडा किती आला यापेक्षा दोन आकड्यांत फरक किती हे महत्त्वाचं. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर मामा मीटर खिशात घालतो आणि चहा मागवतो. बोलणी संपली!

काढलेले प्लगही बघायचे. तपकिरी टोक म्हणजे ठीक. काळं, तेलकट म्हणजे तेल जास्त पडतंय किंवा रॉकेलवर हळूहळू चाललेलं आहे. पांढरंफटक, फोड आलेलं म्हणजे तापलेलं. आणि टोकावर पाण्याचा थेंब दिसला तर हेडचं गॅस्केट फुटलेलं.

चौथी गोष्ट, जी माझ्या आयुष्यात चौदा-पंधरा वर्षं उशिरा आली. खालच्या गिअरच्या पेटीला दोन स्क्रू असतात, एक खाली, एक वर. खाली वाटी धरायची आणि खालचा स्क्रू अगदी थोडा सैल करायचा. मशीन रात्रभर उभं असेल तर पाणी तळाशी बसलेलं असतं, पहिला थेंब त्याचाच येतो. तेल काळपट आलं तरी चालेल. पण दुधाळ, चहाच्या रंगाचं आलं तर आत पाणी शिरतंय. सील गेलं आहे. बोटांवर चोळून लोखंडाचा चुरा लागला तर दातेही गेले. हे पाहायला दोन मिनिटं लागतात आणि एक स्क्रू-ड्रायव्हर. आम्ही प्रतिज्ञापत्र टाइप करून घेण्यात सव्वा तास घालवला होता.

सील का जातं? मामाने एका मशिनाचा पंखा काढून दाखवलं. दांड्याभोवती तंगूस घट्ट गुंडाळलेला. मासे धरायचा नायलॉनचा दोरा, तोच. पंख्यात अडकतो, आत सरकतो आणि सील कापतो. तेव्हा पंखा काढायला लावा. पंखा हाताने फिरवून दांडा डगमगतो का बघा. पाती वाकली असली तर फारसं नाही, पंखा बदलता येतो. दांडा वाकला असेल तर मशीन खडकावर बसलेलं आहे.

पाचवी, पाणी. चालू मशिनाच्या मागून पाण्याची बारीक धार बाहेर पडली पाहिजे, ठाम आणि सतत. तीच मशिनाची नाडी. धार मंद असेल तर आतल्या पंपाचं रबराचं चक्र झिजलं असेल, ते स्वस्तात बदलता येतं. पण कदाचित पाण्याच्या वाटाच मिठाने बुजल्या असतील, ते स्वस्तात होत नाही. समुद्रावरून आलं की गोड्या पाण्यात मशीन चालवून धुवायचं असतं. विकणाऱ्याला सहज विचारा, कुठे धुता? विहिरीवर की नळावर? ज्याला उत्तर द्यायला वेळ लागतो तो धूत नाही.

आणि शेवटची, पिंपात चाललं म्हणून घेऊ नका. होडीला लावा, पाण्यात न्या, पुढे, न्यूट्रल, मागे असे गिअर टाकून बघा. भार पडला की झिजलेला गिअर निसटतो. पिंपात भार नसतो. निदान अर्धा तास चालवा, बंद करा, पाच मिनिटं थांबा, गरम असतानाच परत चालू करा.

पहिल्या दोन आठवड्यांत आम्ही चार मशिनं पाहिली. एक तर इतकं देखणं होतं की माझा हात खिशाकडे गेला होता. मामाने वाटी धरली. दूध आलं. विकणारा म्हणाला, कालच पाऊस पडला ना! मामाला ऐकू आलं नाही, किंवा त्याने ऐकू आलं नाही असं दाखवलं.

तिसऱ्या आठवड्यात काणकोणच्या बाजूला एक मशीन मिळालं. आठ हॉर्सपॉवर, दिसायला भिकार, टोपीला तडा. पण थंड होतं, दोन्ही आकडे जवळजवळ सारखे, तेल काळं. म्हातारा मालक धंदा सोडत होता. धुता कुठे विचारल्यावर अंगणातल्या सिमेंटच्या टाकीकडे बोट दाखवलं. टाकीच्या काठावर मशिनाच्या कंसाचे घासलेले वण होते. त्याने ५५ हजार सांगितले, ४८ वर ठरलं. कागद मी बघितले, अर्थात. ते बघायला हवेतच, चोरीची मशिनं फिरतात. शिवाय मशीन सरकारी अनुदानातून घेतलेलं असेल तर ठरावीक मुदतीत विकायला मनाई असू शकते. म्हणून खात्याचे कागद मागावेत. कारकुनाचा धंदा अगदीच वाया जात नाही.

पण पैसे देण्याआधी मामाने मला एक प्रश्न विचारला, "ती न्हंय तुवें पळयल्या?"

नदी मी पाहिली होती. फेब्रुवारीत. रुंद वाळू, मधून मधून काळे खडक, एका बाजूला सरकलेली धार. आणि गुरुजींनी झाडाच्या बुंध्यावर दाखवलेली पुराची खूण, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. मामा म्हणाला, मग मशीन चांगलं आहे हे अर्धंच झालं. मी रात्री भाच्याला फोन लावला आणि आम्ही तासभर बोललो. होडीची मागची फळी किती उंच? मशिनाचा दांडा आखूड म्हणजे १५ इंची, नाहीतर लांब म्हणजे २० इंची येतो. चुकला तर पंखा हवेत तरी फिरतो, नाहीतर वाळूत तरी रुततो. होडीला सपाट मागची फळी आहे की दोन्ही टोकं निमुळती? निमुळती असेल तर सुतार गाठून बळकट पाट बसवावा लागेल. रॉकेल मिळतं का? रेशनचं रॉकेल गेल्या काही वर्षांत बऱ्याच राज्यांतून गेलं, तेव्हा पेट्रोलवर चालणारंच हवं. सुटे भाग कुठून आणणार? १९०९ साली अमेरिकेत ओले एव्हिनरूडने अशी मशिनं विकायला सुरुवात केली, त्याच्या नावाच्या मशिनांचं उत्पादन २०२० मध्ये बंद पडलं. एवढ्या मोठ्या नावाचं असं होतं. म्हणून ज्याचे भाग आपल्या किनाऱ्यावर दहा जणांकडे पडलेले असतात तेच मशीन घ्यावं. बेज्जूरला तसे दहा जण नाहीत. म्हणून पंपाचं रबर, प्लग, सील आणि पंख्याची पिन मामाने पिशवीत भरून दिली.

आणि मी जे कारकून म्हणून सांगितलं ते हे, की होडीला मशीन लागलं की ती यंत्रचालित नौका होते. २०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्याप्रमाणे तिची नोंदणी आणि तपासणी लागते. भाचा हसला असावा. मी त्याला म्हटलं, हसू नकोस. २०१९ च्या डिसेंबरात त्याच प्राणहितेत होडी उलटून वनखात्याचे दोन कर्मचारी गेले. पूर नव्हता तेव्हा. मशीन लागलं की माणूस जास्त माणसं घेतो आणि वल्ही घरी ठेवतो. वल्ही ठेवू नकोस. जाकिटं घे.

हे बोलताना मला भावाचे सोललेले हात दिसत होते. वल्ही होती म्हणून तो परत आला.

भाचा मशीन न्यायला स्वतः आला. पंचविशीचा, अबोल. मामाने त्याला शेडमध्ये बसवून सगळं मशीन त्याच्याच हाताने उघडून परत बसवायला लावलं. एकाची कोंकणी, दुसऱ्याची तेलुगूमिश्रित मराठी, मध्ये मी. पण एका तासानंतर माझी गरज उरली नाही. इंधन पूर्ण काढलं, आतलं पाणी निथळू दिलं. मशीन आडवं ठेवलं तर डोकं नेहमी खालच्या टोकापेक्षा वर असू दे, नाहीतर उरलेलं पाणी सिलिंडरात उतरतं, हे मामाने तीनदा सांगितलं. सुमारे २७ किलोचं ते धूड गोणपाटात गुंडाळून ट्रकने रवाना झालं.

ऑगस्टमध्ये मी गुरुजींना फोन केला. पाऊस भरपूर झाल्याच्या बातम्या होत्या. विचारताना जरा धाकधूकच होती. गुरुजी म्हणाले, मशीन बरं आहे, पण पाणी चढलंय म्हणून होडी दहा दिवस काठावर ओढून ठेवलीय. लोक बोलतात त्याला, एवढं मशीन आणलं आणि आता बसून राहिला म्हणून. "बसू द्या," मी म्हटलं.

दिवाळीनंतर भाच्याचा स्वतःचा फोन आला. गिअरच्या तेलाच्या स्क्रूचे वॉशर हवे होते, चार-सहा, तिकडे त्या मापाचे मिळत नाहीत. इतके कशाला, मी विचारलं. म्हणाला, मामांनी सांगितलंय ना, दर महिन्याला वाटी धरून बघायचं. स्क्रू काढला की वॉशर दबतो.

भावानेच ते आणून दिले. कचेरीतल्या एका लिफाफ्यात घालून, त्यावर माझ्या बऱ्यापैकी कारकुनी अक्षरात बेज्जूरचा पत्ता लिहून, मी ते फेरीतून उतरल्यावर पणजीच्या पोस्टात टाकले. लिफाफा सरकारी होता. तिकीट मात्र माझ्या खिशातलं.